चुन्याचे चौसष्ट हात

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका. वर्षं मोजायचं काम तेव्हाही म्हाताऱ्यांकडं होतं, आणि ते आपल्या सोयीनं मोजत.

एका उघड्याबोडक्या डोंगराच्या पाठीवर चाळीस घरांचं एक गाव होतं. गावाला नदी नव्हती, विहीर नव्हती. होतं ते कातळात खोदलेलं एक टाकं. पावसाळ्यात ते भरायचं आणि पुढचा पाऊस येईपर्यंत गावानं त्याच्यावर जगायचं. म्हणून नियम होता. दर घराला रोज सकाळी पाच मापं पाणी. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही.

माप म्हणजे तांब्याचं एक भांडं. तोंड लहान, पोट मोठं. दर आठवड्याला त्याला बाहेरून चिंच लावून घासत, त्यामुळं ते उन्हात बघवत नसे इतकं लखलखायचं. ते सांभाळायचा मान एकाच घराण्याचा. त्या घराण्यातल्या म्हाताऱ्याला सगळे मापकरी आबा म्हणत.

दर पाडव्याला आबा अंघोळ करत, धूतवस्त्र नेसत आणि मापाला आतून चुन्याचा एक हात देत. चुना, गूळ आणि बेलफळाचा गर. वाळला की दगड. आधीचा थर खरवडायचा नाही, कारण तो वाडवडिलांच्या हातचा. आबांशिवाय कुणी मापात हात घालायचा नाही, कारण माप देवाचं. आणि असं का, ते विचारायचं नाही, कारण विचारणाऱ्याला अक्कल नसते. सगळं कसं पक्कं बसलेलं होतं.

त्या गावात हौसा नावाची एक कुंभारीण होती. घरात नवरा गेनू, बनी आणि म्हादू ही दोन पोरं आणि अंथरुणाला खिळलेला सासरा. हौसाला एका जागी बसवत नसे. चाकावरनं उठली की भट्टीकडं, भट्टीकडनं दारात, दारातनं पुन्हा चाकाकडं. पण गेली दोन वर्षं चाक कोरडंच होतं. पाच मापांत पाच माणसांचं पिणं आणि रांधणं कसंबसं व्हायचं, मातीला पाणी कुठनं आणणार?

भागत नव्हतं ते एकट्या हौसाचं नाही. चाळीसच्या चाळीस घरांत पोरं रात्री ओठ चाटत झोपायची. पण बोलायची सोय नव्हती. कुणी बोललं की टाक्याच्या पायरीवर बसलेले म्हातारे हसायचे.

"आमच्या वेळी पाच मापांत बारा माणसं आणि बैलजोडी भागायची," एक म्हणायचा.

"वर उरलेल्या पाण्यात परसातली वांगी पिकायची," दुसरा म्हणायचा.

"तहान वाढलीय आजकालच्या पोरांची," तिसरा म्हणायचा. "जीभ आवरत नाही, तसा घसा आवरत नाही."

मग चौघे-पाच जण मान हलवायचे आणि टाक्याकडं बोट दाखवायचे. टाकं वर्षाच्या शेवटीही अर्धं भरलेलं असायचं. पाण्यावर हिरवं शेवाळ धरलेलं असायचं. ही आमची काटकसर, असं ते सांगायचे. तहानलेल्या माणसाला भरलेलं टाकं दाखवून काटकसर शिकवणारी ही माणसं गावात शहाणी म्हणून ओळखली जात होती.

त्या उन्हाळ्यात सासऱ्याला ताप भरला. अंग नुसतं भट्टीसारखं. हौसा आपल्या वाटणीचं पाणी त्याच्या कपाळावर घालत होती, तरी पुरेना. तीन दिवस वाट बघून चौथ्या दिवशी ती टाक्यावर गेली आणि सरळ म्हणाली, "आबा, सहावं माप द्या. घरात तापाचं माणूस आहे."

"पाच मापं," आबा म्हणाले.

"टाकं अर्धं भरलंय की."

"ते भरलंय कारण आम्ही सहावं माप कधी कुणाला दिलं नाही."

हौसा मागं सरली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मागितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग म्हातारे जमले आणि त्यांनी निवाडा केला. ज्या घराचं पाचात भागत नाही, त्या घरानं गाव सोडावं. आजपासून आठव्या सकाळी वाटपाच्या वेळी हौसाचं बिऱ्हाड डोंगर उतरलेलं असलं पाहिजे.

हा निवाडा नवा नव्हता. आधी तीन घरं अशीच उतरली होती. त्यातलं एक तर खुद्द आबांच्या धाकट्या लेकाचं. त्याला जुळं झालं होतं, आणि पाचात भागेना म्हणून तो कुरकुरला होता. आबांनी पोटच्या पोराची गय केली नाही. नऊ वर्षं झाली, गाव अजून त्या निवाड्याचे गोडवे गात होतं. आणि आबा ते खाली मान घालून ऐकत. धाकट्याचं नाव मात्र ते घेत नसत.

गेनू घरी आला आणि गाढवावर घालायची गोणी झाडायला लागला.

"काय करताय?" हौसानं विचारलं.

"बांधाबांध. वडीलधाऱ्यांपुढं काय बोलणार?"

"आणि मामंजींना कुठं घालणार? गोणीत?"

गेनू गोणी झाडत राहिला. तो वाईट नव्हता. त्याला लहानपणापासून गप्प बसायला शिकवलं होतं आणि तो ते चांगलं शिकला होता, एवढंच. तापातल्या म्हाताऱ्याला त्या उतारावरनं न्यायचं म्हणजे वाटेतच खांदा द्यायची तयारी ठेवायची. हे दोघांनाही माहीत होतं.

दिवस जायला लागले. हौसा घरभर फिरायची. मडकं उचलायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची.

पाचव्या दिवशी दुपारी पोरं भांडायला लागली. बनीच्या हातात उंच, निमुळता पेला होता. म्हादूच्या हातात पसरट वाटी.

"तिला जास्त दिलंस. तिचं बघ कुठवर आलंय," म्हादू रडायला लागला.

हौसानं दोघांच्या हातातलं काढून घेतलं. एक लोटा घेतला. त्यात पेल्यातलं पाणी ओतलं आणि पाणी आलं तिथं कोळशानं आतून रेघ मारली. ते पाणी परत पेल्यात ओतलं. मग त्याच लोट्यात वाटीतलं ओतलं. पाणी बरोबर त्याच रेघेवर येऊन थांबलं.

"बघ. उंच दिसतं म्हणून जास्त नसतं, पसरट दिसतं म्हणून कमी नसतं," ती म्हणाली. "भांड्याचं बाहेरचं रूप बघून आत किती मावतं ते कळत नाही. ते पाणी ओतूनच बघावं लागतं."

हे बोलली आणि तिचा हात लोट्यावरच थांबला.

कुंभाराच्या पोरीला ही गोष्ट काय नवी होती? बाहेरून सारखी दोन मडकी असतात, पण एकाची भिंत जाड असते, एकाची पातळ. जाड मडकं बाहेरून दिसतं तेवढंच, पण त्यात पाणी कमी मावतं. आणि ओळखायचं कसं? बोटाच्या पेरानं वाजवून. पातळ मडकं खणखणतं. जाड मडकं दबकं बोलतं.

सहाव्या सकाळी ती वाटपाच्या रांगेत उभी राहिली. दोन गडी टाक्यात माप बुडवून वर काढत होते. आबा मोजत होते. एकाला ते एक म्हणत नसत, लाभ म्हणत. "लाभ, दोन, तीन..."

गड्यांना माप ओढताना घाम फुटला होता.

"एवढं जड कसं हो झालंय?" हौसानं विचारलं.

"वाडवडिलांची पुण्याई आहे ती," आबा म्हणाले. "दर वर्षी वाढते."

पाचवं माप तिच्या घागरीत रिकामं झालं, तसं हौसानं पुढं होऊन तांब्यावर पेरानं टकटक केलं. तांबं खणखणायला हवं होतं. ते दबकं बोललं, ओल्या मातीसारखं.

म्हातारे उठून उभे राहिले. एकाची काठी पडली.

"देवाचं माप बडवतेस, भवाने?"

"बडवलं नाही. हाक मारून बघितली," हौसा म्हणाली आणि घागर उचलून चालायला लागली. संशय आला होता, पण संशयावर कोण विश्वास ठेवणार? तेही म्हाताऱ्यांच्या पुढं?

घरी सासरा जागा होता. तापातही त्याची जीभ चालू होती. तोही शेवटी म्हाताराच. "आजकालच्या बायकांना पाणी वापरायची रीत नाही," तो पुटपुटला. "माझ्या लहानपणी पोळ्याला विसाची डोण भरायचे. वीस मापांत काठोकाठ. अख्ख्या गावाचे बैल पिऊन जायचे."

टाक्याशेजारी एक दगडी डोण होती. जनावरांना पाणी पाजायची. तिला सगळे विसाची डोण म्हणत. का म्हणतात, ते कुणी विचारलं नव्हतं. ती भरायचं बंद करून साठाहून जास्त वर्षं झाली होती. पाणी वाया जातं म्हणून.

हौसा त्याच्या अंथरुणाशी बसली. बहुतेक त्या आठवड्यात पहिल्यांदाच बसली. "मामंजी, वीसच ना? नीट आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? आबाचा बाप मोजायचा. आम्ही पोरं मागं ओरडायचो. वीस म्हटलं की पाणी काठाला टेकायचं. एकविसावं माप कधी ओतलं नाही."

"हेच माप?"

"गावात दुसरं माप होतं कधी?" सासरा चिडला. "जा, पाणी आण."

आठवी सकाळ उजाडली. गेनूनं गाढवावर गोण्या चढवल्या होत्या. हौसानं त्याला दारातच थांबायला सांगितलं आणि शेजारच्या तीन घरांत जाऊन आली. प्रत्येक घरात तिनं एकच गोष्ट मागितली. आज तुमची पाच मापं पहिली डोणीत ओतू द्या. तिथनंच परत भरून घ्या. थेंब जाणार नाही, आणि गेलाच तर तो माझ्या वाट्यातला.

पहिली म्हणाली, "म्हातारे काय म्हणतील?" दुसरी म्हणाली, "म्हातारे काय म्हणतील?" तिसरी सटवा नावाची म्हशीवाली होती. ती म्हणाली, "म्हातारे रोज काहीतरी म्हणतातच. चल." तिच्यामागं मग त्या दोघीही आल्या.

टाक्यावर हौसा रांगेच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"तू अजून इथं?" आबांनी विचारलं.

"जाते. माझा आजचा वाटा मोजून द्या, मग जाते. चार घरांची पाच-पाच मापं डोणीत ओता. चार पंचे वीस. विसाची डोण आहे, विसांत भरली पाहिजे. भरली, तर मी तोंड न उघडता डोंगर उतरेन. नाही भरली, तर तुम्ही तोंड उघडायचं."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. नाही म्हणायला कारण सापडेना. डोण त्यांचीच, नाव त्यांनीच सांगितलेलं, माप त्यांचंच.

"ओता," आबा म्हणाले.

"लाभ."

पाणी कोरड्या दगडावर पडलं. रांगेतल्या बायका पुढं सरकल्या. दोन, तीन, चार. दहाव्या मापाला सटवानं डोणीत वाकून बघितलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. पंधरा. सोळा. हौसा एका पायावरनं दुसऱ्या पायावर होत होती. अठरा. एकोणीस.

"वीस," आबा म्हणाले.

डोण निम्म्याच्या थोडी वर भरली होती.

मग म्हातारे बोलायला लागले.

"दगड झिजलाय. डोण मोठी झालीय."

"आतून वीतभर? बैलांच्या जिभेनं?" सटवानं विचारलं.

"पूर्वीचं पाणी दाट होतं. आताचं पातळ झालंय," दुसरा म्हातारा म्हणाला. हे तो गंभीरपणानं म्हणाला, हे लक्षात घ्या. माणूस आपली चूक मान्य करण्यापेक्षा पाण्यावर आळ घ्यायला तयार होतो.

"पुढं ओता," रांगेतली एक बाई म्हणाली. "माझी पाच घ्या."

"माझीही," मागच्या दोघी म्हणाल्या.

एकवीस. बावीस. आता आबांचा आवाज बारीक झाला होता. अठ्ठावीस. तीस. बत्तिसाव्या मापाला पाणी डोणीच्या काठाला टेकलं.

हौसा आबांसमोर गेली. "आबा, मापात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही ना? मग तुम्हीच घाला."

"दर पाडव्याला घालतो मी."

"पहिल्यांदा घातला तेव्हा आत मूठ फिरायची?"

आबांनी बाही वर सारली. हात लहान तोंडातनं आत गेला. ते खांदा हलवत राहिले, मनगट वळवत राहिले. सगळं गाव बघत होतं. त्यांची मूठ आत फिरत नव्हती.

"तेव्हा फिरायची," ते हळू म्हणाले. "मला वाटलं, वयानं हात सुजला."

हौसानं कमरेचं थापटणं काढून त्यांच्यापुढं धरलं. मडकं ठोकून आकाराला आणायचं लाकडी थापटणं ते. आबांनी ते बराच वेळ हातात धरलं. मग मापावर एक ठोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्या ठोक्याला आतून काहीतरी तडकलं, आणि लहान तोंडातनं चुन्याची पांढरी ढेकळं पायरीवर पडायला लागली. अंगठ्यापेक्षा जाड. त्यांच्या कडेवर, कापलेल्या झाडावर असतात तशा, एकावर एक रेघा होत्या. दर पाडव्याची एक रेघ.

बनीनं त्या मोजल्या. चौसष्ट.

म्हणजे युगानुयुगांची रीत केवळ चौसष्ट वर्षांची निघाली. आणि सगळं खरवडून माप उजेडात धरलं, तेव्हा बुडाशी सुईएवढं एक भोक दिसलं. कधीतरी माप गळत होतं. आबांच्या वडिलांनी ते बुजवायला चुन्याचा एक हात दिला होता. पहिला हात भोकासाठी होता. बाकीचे त्रेसष्ट कशासाठी होते, ते तिथल्या एकाही म्हाताऱ्याला सांगता आलं नाही.

भोकावर मेण दाबून हौसानं ते माप डोणीत बुडवलं आणि पाणी परत वाटायला घेतलं. पहिल्या चार घरांना पाच-पाच. तळचं पाणी ओंजळींनी गोळा केलं, आणि विसाव्या मापाला डोण रिकामी झाली.

"बत्तीस मापांनी आत गेलं, वीस मापांनी बाहेर आलं," सटवा बोटं मोजत म्हणाली. "मग इतकी वर्षं आम्हाला मिळत होतं किती?"

"आठ मोजली असती, तेव्हा खरी पाच झाली असती," हौसा म्हणाली. "आपल्याला पाचच मोजली. बाकीचं हे इथं शेवाळत होतं." तिनं टाक्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ज्यांची पोरं ओठ चाटत झोपली होती, त्यांनी जास्त वेळ बघितलं.

माफी कुणी मागितली नाही. झालं गेलं, असं म्हणून म्हातारे एकेक करून घरी गेले. म्हाताऱ्यांना एवढंच जमतं. गेनूनं गाढवावरच्या गोण्या उतरवल्या. त्या दिवशी हौसाच्या सासऱ्याच्या अंगावरनं पहिल्यांदा भरपूर पाणी फिरलं, आणि संध्याकाळी ताप उतरल्यावर तो म्हणाला, "बघ, मी सांगितलं होतं ना, वीस."

आबा मात्र पायरीवरच बसून होते. त्यांच्या मांडीवर चुन्याचा एक मोठा तुकडा होता.

"ह्यात माझे हात कुठले? एकतीस पाडवे झाले मला," त्यांनी विचारलं.

"आतल्या अंगाचे एकतीस," हौसा म्हणाली. "तांब्याकडचे तुमच्या वडिलांचे."

"आणि धाकटा गेला, तो कुठला?"

हौसानं आतल्या अंगानं नऊ रेघा मोजल्या आणि तिथं नख ठेवलं. तिला म्हाताऱ्याची कीव आली नाही. खोटं कशाला सांगा? पण तिनं नख बरोबर जागेवर ठेवलं, रेघभर इकडं नाही, तिकडं नाही.

आबांनी तो तुकडा उपरण्यात बांधला, काठी घेतली आणि ते डोंगर उतरायला लागले. चौथ्या दिवशी ते परत आले, एकटेच.

"भेटला का?" सटवानं विचारलं.

"भेटला. नदीकाठी राहतो. चुना दाखवला त्याला. सगळं सांगितलं, परत चल म्हटलं." आबा टाक्याच्या पायरीवर टेकले. "त्यानं मला पाणी दिलं. मी एक भांडं पिऊन थांबलो. तर म्हणाला, घ्या आबा अजून, इथं आम्ही मोजत नाही. आणि यायचं मात्र नाही म्हणाला."

त्यानंतर त्या गावात दर पाडव्याला माप आतून खरवडून साफ करतात, आणि दर पोळ्याला विसाची डोण भरतात. मोजायचं काम पोरांकडं असतं. म्हाताऱ्यांनी मागं उभं राहून ऐकायचं असतं.

तात्पर्य: ज्या मापानं दुसऱ्याचा वाटा ठरवता, ते माप आधी स्वतः मोजून बघा.